तथास्तु

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्गाला पुण्याकडे जाणारा रस्ता फुटतो. डोक्यावरून उड्डाणपूल गेला, तरी खालची कोंडी हटलेली नाही. ट्रक, एसटी आणि सीटं भरून नाशिकरोडकडे निघालेल्या रिक्षा यांतून वाट काढत टाकळी रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात नंदिनी आणि गोदावरीचा संगम येतो. नंदिनीला इथे सगळे नासर्डीच म्हणतात. या परिसरात समर्थ रामदासांचा टाकळीचा मठ आहे. जालना जिल्ह्यातल्या जांबचा नारायण ठोसर हा मुलगा, म्हणजे पुढचे समर्थ, लग्नाच्या बोहल्यावरून निघाला तो नाशिकला आला, आणि १६२० च्या सुमारापासून बारा वर्षं त्याने इथे तप केलं, असं समर्थ संप्रदायाची परंपरा सांगते.

टाकळीची एक कथा प्रसिद्ध आहे. समर्थ संगमावर जपात असताना एका कुलकर्ण्याची प्रेतयात्रा तिथे आली. पत्नी सती जायला निघालेली. जाण्याआधी साधूच्या पाया पडावं म्हणून ती वाकली आणि समर्थांच्या तोंडून सवयीने आशीर्वाद निघाला, ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’. लोक अवाक झाले. समर्थांना प्रकार कळला, पण शब्द तर निघून गेला होता. त्यांनी रामाचं नाव घेऊन प्रेतावर गोदावरीचं पाणी शिंपडलं आणि ते कुलकर्णी, गिरिधरपंत, उठून बसले. पुढे त्या दांपत्याने आपला पहिला मुलगा समर्थांना दिला. तेच उद्धव गोसावी, टाकळी मठाचे पहिले मठाधिपती. समर्थांनी त्यांच्यासाठी शेणाचा मारुती घडवला, असं सांगतात. मठातला हा गोमय मारुती पाहायला आजही लोक येतात.

या कथेकडे पुरावा मागण्यात अर्थ नाही. तिची खरी गंमत अशी की ऐकणारा मराठी माणूस तिला अडखळत नाही. शब्द आधी गेला आणि घटना त्याच्या मागे ओढली गेली, हे त्याला पटतं, कारण तो अशाच घरात वाढलेला असतो. दिवेलागणीला कुणी अभद्र बोललं की घरातलं मोठं माणूस दटावतं, ‘असं बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते.’ परीक्षेला निघालेल्या मुलाने ‘मी नापास होणार’ म्हटलं की आजी म्हणते, ‘शुभ बोल रे नाऱ्या.’ प्रवासाला निघालेल्याबद्दल मनात वाईट आलं की आपण ते झटकून टाकतो, वर ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ असं पुटपुटतो. ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. घरातले तांदूळ संपले तर ‘संपले’ म्हणायचं नाही, ‘वाढले’ म्हणायचं. मनातलं आणि तोंडातलं बाहेरच्या जगावर उमटतं, ही समजूत आपल्याकडे रोजच्या वागण्यात मुरलेली आहे.

गेल्या वीसेक वर्षांत तिला नवा पोशाख मिळाला. ‘लॉ ऑफ अ‍ॅट्रॅक्शन’ किंवा ‘आकर्षणाचा सिद्धांत’ हे शब्द आता खेड्यातल्या मोबाइलवरही पोचले आहेत. हवी ती गाडी, हवं ते घर, हवा तो पगार यांची चित्रं कापून एका फळ्यावर चिकटवायची आणि रोज पाहायची. हवी ती गोष्ट सकाळी तीनदा, दुपारी सहादा आणि रात्री नऊदा वहीत लिहायची. विश्वाकडे मागणी नोंदवायची आणि ती मिळालीच आहे असं समजून वागायचं. जो विचार तुम्ही धराल, त्याच जातीच्या घटना तुमच्याकडे ओढल्या जातील, असं आश्वासन. शिबिरात हे सांगणारा वक्ता बहुधा पुढे म्हणतो, की हे आपल्या ऋषिमुनींचंच ज्ञान आहे, पाश्चात्त्यांना ते आत्ता कळलं.

इतिहास मात्र वेगळा आहे. या विचाराचा उगम अमेरिकेतल्या मेन राज्यात, फिनिअस क्विम्बी नावाच्या एका घड्याळजीपाशी सापडतो. १८०२ ते १८६६ हा त्याचा काळ. आजार हा चुकीच्या समजुतीतून येतो आणि समजूत बदलली की जातो, असं तो मानायचा, आणि रोग्यांशी बोलून त्यांना बरं करण्याचा प्रयत्न करायचा. त्या काळचे डॉक्टरही रोग्याला पाऱ्यासारखी विषं पाजत, रक्त काढत. त्यापेक्षा क्विम्बीचं शांत बोलणं पुष्कळांना मानवलं असेल तर नवल नाही. त्याच्या मागून ‘न्यू थॉट’ नावाची चळवळ उभी राहिली. आजार बरा करणारं मन हळूहळू पैसा आणणारं मन झालं. १९०६ साली शिकागोत विल्यम वॉकर अ‍ॅटकिन्सन या वकिलाने विचारांची कंपनं आणि आकर्षणाचा नियम यांवर पुस्तक लिहिलं. १९१० साली वॉलेस वॉटल्सने श्रीमंत होण्याचं शास्त्र लिहिलं. १९३७ मध्ये, महामंदीतून अमेरिका अजून सावरत असताना, नेपोलियन हिलचं पुस्तक आलं. २००४ साली वॉटल्सचं ते जुनं पुस्तक ऑस्ट्रेलियातल्या ऱ्होंडा बर्न या दूरचित्रवाणी निर्मातीच्या हाती पडलं, आणि २००६ मध्ये तिचा ‘द सीक्रेट’ हा चित्रपट व पुस्तक निघालं. त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या. मराठीतही ते आलं.

यात भारताचा धागा आहे, पण तो उलट्या दिशेचा. १८९३ च्या शिकागोच्या सर्वधर्म परिषदेनंतर स्वामी विवेकानंद अमेरिकेत हिंडत होते. १८९४ च्या उन्हाळ्यात मेनमधल्याच ग्रीनेकर इथे त्यांची व्याख्यानं झाली, आणि तिथे मनःशक्तीने बरं करणाऱ्या पंथांचे लोक त्यांच्यासमोर बसले होते. योग आणि वेदान्त या शब्दांना तिकडे एकदम मान आला. त्यानंतर अ‍ॅटकिन्सनने योगावर पुस्तकांची एक मालिकाच काढली, पण स्वतःच्या नावाने नाही. लेखक म्हणून त्याने नाव टाकलं ‘योगी रामचरक’. शिकागोच्या वकिलाने घेतलेल्या या नावाची पुस्तकं हिंदुस्थानातही भक्तिभावाने वाचली गेली. आज आपल्याला ‘प्राचीन’ म्हणून जे सांगितलं जातं, त्यातला मोठा भाग असा समुद्र ओलांडून परत आलेला आहे.

आता टाकळीच्या तपाकडे पुन्हा पाहा. परंपरा सांगते की समर्थांनी इथे त्रयोदशाक्षरी राममंत्राचा तेरा कोटी जप केला. आकडा अक्षरशः घ्यावा असा माझा आग्रह नाही. पण हिशेब केला तर बारा वर्षं, एकही दिवस न चुकता, रोज साडेएकोणतीस हजारांहून जास्त वेळा तेरा अक्षरं. पहाटे उठायचं, सूर्यनमस्कार घालायचे, दुपारपर्यंत नदीच्या पाण्यात उभं राहायचं, पंचवटीत माधुकरी मागायची, दुपारनंतर वाचन-लेखन. ज्यांनी ही कथा रचली आणि जपली, त्यांनी मनाची शक्ती मानली होती, यात शंका नाही. पण ती फुकट मिळते असं त्यांनी कुठेही म्हटलेलं नाही. तिच्यामागे त्यांनी बारा वर्षांची मेहनत लावली. मनाला उपदेश करणारे दोनशे पाच श्लोक लिहिणारे समर्थ दासबोधात पुन्हा पुन्हा प्रयत्नाचा महिमा गातात, आळशाला फटकारतात, अक्षर कसं घोटावं आणि हिशेब कसा ठेवावा इथपर्यंत शिकवतात. फळ्यावर चित्र चिकटवून विश्वाची वाट पाहणं या परंपरेत बसत नाही.

विसाव्या शतकात महाराष्ट्रात सुप्त मनाची भाषा घरोघर नेली ती सद्गुरू वामनराव पै यांनी. १९२३ साली जन्मलेले पै मंत्रालयात वित्त विभागात नोकरीला होते. नोकरी सांभाळून त्यांनी प्रवचनं सुरू केली आणि त्यातून जीवनविद्या मिशन उभं राहिलं. २०१२ मध्ये ते गेले. माणूसच आपल्या आयुष्याचा शिल्पकार आहे, जसा विचार तसं जीवन, सर्वांचं भलं चिंतावं, ही त्यांची शिकवण गिरणगावातल्या कामगारांपासून मध्यमवर्गीय गृहिणींपर्यंत पोचली. सुप्त मनाच्या सामर्थ्याबद्दल ते जे सांगत ते सगळं विज्ञानाला मान्य होईल असं मला वाटत नाही. पण नवस, मुहूर्त, ग्रहदशा यांच्या धाकात जगणाऱ्या समाजाला त्यांनी ‘तुझ्या हातात काही आहे’ असं सांगितलं, आणि व्यसन सोडा, बायकोशी नीट वागा, काम मन लावून करा, हे त्याच्या जोडीला सांगितलं. त्याचं मोल मी कमी लेखणार नाही.

मग विचारांत खरंच शक्ती आहे का? आहे. फक्त ती कुठे चालते आणि कुठे संपते, हे आता बऱ्यापैकी मोजता येतं.

पहिली हद्द आपलं स्वतःचं शरीर. १९७८ साली कॅलिफोर्नियात लेव्हाइन, गॉर्डन आणि फील्ड्स या तिघांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग केला. औषध म्हणून काहीच गुण नसलेलं इंजेक्शन दिलं तरी काहींच्या वेदना कमी झाल्या. ‘आपल्याला औषध मिळालं’ या विश्वासानेच हे झालं. मग त्यांना नॅलोक्सोन दिलं. हे औषध अफूच्या जातीच्या द्रव्यांचा परिणाम रोखतं. त्याबरोबर वेदना पुन्हा वाढल्या. याचा अर्थ, विश्वासामुळे त्या माणसांच्या शरीराने स्वतःच वेदनाशामक द्रव्य सोडलं होतं. नुसता मनाचा खेळ म्हणून ते उडवून लावता येत नाही, रक्तामांसात ते घडत होतं. मात्र अशा विश्वासाने वेदना, मळमळ, अस्वस्थता कमी होते. गाठ विरघळत नाही आणि मोडलेलं हाड जुळत नाही.

दुसरी हद्द आपल्या आजूबाजूची माणसं. १९६० च्या दशकात रॉबर्ट रोझेन्थल आणि लिनोर जेकबसन यांनी कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षकांना काही मुलांची नावं दिली आणि सांगितलं, की चाचणीनुसार ही मुलं यंदा चमकणार आहेत. खरं तर नावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली होती. वर्षाअखेरीस पहिली-दुसरीतल्या त्या मुलांचे बुद्ध्यंक इतरांपेक्षा जास्त वाढलेले दिसले. १९६८ मध्ये हे पुस्तकरूपाने आलं आणि त्यावर आजतागायत वाद आहे. नंतरच्या अभ्यासांत परिणाम बराच लहान आढळला. पण जो काही आहे तो कसा घडतो, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा. ज्या मुलाकडून अपेक्षा असते त्याला आपण जास्त वेळा उभं करतो, उत्तर यायला थांबतो, चुकलं तर पुन्हा सांगतो. इथे एक गोष्ट सुटता कामा नये. त्या मुलांना घडवणारा विचार त्यांचा स्वतःचा नव्हता, त्यांच्या बाईंचा होता. मागच्या बाकावर बसवलेल्या पोराच्या आयुष्यात जे ‘आकर्षित’ होतं, त्यातलं कितीतरी दुसऱ्यांच्या मनातून येतं.

तिसरी हद्द बाजाराची. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ साली दाखवून दिलं, की बँक बुडणार अशी खोटी अफवा सगळ्यांनी खरी मानली तर पैसे काढायला रांग लागते आणि धडधाकट बँक बुडते. द्वारकेवरून आग्रा रस्त्याने पिंपळगाव बसवंतला किंवा पुढे लासलगावला जाल तर कांद्याच्या बाबतीत हे दरवर्षी पाहायला मिळेल. उन्हाळ कांदा काढला की शेतकरी तो चाळीत भरतो. पुढे भाव चढणार असं सगळ्यांना वाटलं तर सगळेच माल रोखतात, आवक घटते आणि भाव चढतो. विचाराने वस्तुस्थिती घडवली, असं म्हणा हवं तर. पण ती हजारो माणसांच्या हातांनी घडवली: कुणी चाळीचं दार लावून घेतलं, कुणी ट्रॅक्टर बाजार समितीत नेला नाही. आणि ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा भाव कोसळले. निफाड, चांदवड, येवल्याचे शेतकरी चिडून रस्त्यावर आले, लिलाव बंद पाडले. मे २०२४ पर्यंत ती बंदी राहिली. त्या पाच महिन्यांत एखाद्या शेतकऱ्याने रोज पहाटे उठून चढ्या भावाचं चित्र डोळ्यांपुढे आणलं असतं, तरी दिल्लीतली अधिसूचना बदलली नसती. द्राक्षबागेवर गारा पडतात, तेव्हाही बागवाल्याच्या मनात काय चाललंय याची ढगाला खबर नसते.

याच्या पलीकडे, मनातला विचार हवेतून जाऊन गाडी, घर, नोकरी ओढून आणतो, हा जो मूळ दावा, त्याला कुठलाही आधार सापडलेला नाही. ‘विचारांची फ्रीक्वेन्सी’ हा शब्द शिबिरांत फार चालतो. मेंदूत विजेची हालचाल असते हे खरं. जर्मनीतल्या हान्स बर्गरने १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतली ही हालचाल पहिल्यांदा कागदावर उतरवली. पण डोक्याच्या कातडीवर इलेक्ट्रोड चिकटवून मोजली तर ती मायक्रोव्होल्टमध्ये भरते, म्हणजे व्होल्टच्या दशलक्षांश भागांत. मेंदूभोवतीचं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रापेक्षा कोट्यवधी पटींनी दुबळं असतं. ते मोजायला खास भिंतींची खोली लागते, नाहीतर इमारतीतल्या लिफ्टचा गोंधळच त्यावर मात करतो. डोक्यापासून काही इंचांवर ज्याचा माग लावताना यंत्रांची दमछाक होते, ते शोरूमपर्यंत पोहोचत नाही.

मग इतक्या लोकांना अनुभव कसा येतो? पांढऱ्या स्कूटरचा विचार मनात आला की चौकात पांढऱ्या स्कूटरच दिसू लागतात. त्या आधीही तितक्याच होत्या, नजर नव्हती. मैत्रिणीची आठवण आली आणि तिचा फोन आला, हे जन्मभर लक्षात राहतं. आठवण आली आणि फोन आला नाही, असे हजार प्रसंग कुणी वहीत लिहून ठेवत नाही. मंचावर अनुभव सांगायला ज्याचं काम झालं तोच येतो. ज्यांनी तितक्याच श्रद्धेने वही भरली आणि ज्यांचं काहीच झालं नाही, त्यांच्या हाती कुणी माइक देत नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, असो, खोटं असलं तरी नुकसान काय? सकाळी दहा मिनिटं चांगला विचार केला तर बिघडलं काय? या प्रश्नाचं उत्तर मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण नुकसान आहे आणि ते मोजलं गेलं आहे. १९९० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात लिएन फाम आणि शेली टेलर यांनी परीक्षेच्या तोंडावर विद्यार्थ्यांचे गट केले. एका गटाने रोज काही मिनिटं, आपल्याला उत्तम गुण मिळालेत, आनंद झालाय, असं चित्र डोळ्यांपुढे आणायचं. दुसऱ्या गटाने, आपण टेबलाशी बसलोय, टीव्ही बंद केलाय, धडा वाचतोय, टिपणं काढतोय, असं चित्र आणायचं. दुसऱ्या गटाने जास्त अभ्यास केला आणि जास्त गुण मिळवले. फळाचं चित्र रंगवणाऱ्यांचा अभ्यास मात्र कमी भरला. जर्मन मानसशास्त्रज्ञ गाब्रिएले ओटिंगेन यांनी पदवी घेऊन नोकरी शोधणाऱ्या तरुणांचा दोन वर्षं माग ठेवला. जे नोकरी मिळाल्याच्या सुखद कल्पनांत जास्त रमत, त्यांनी अर्ज कमी केले होते, त्यांना नोकऱ्यांसाठी बोलावणी कमी आली आणि पगारही कमी मिळाला. पुढच्या प्रयोगांत असंही दिसलं, की इच्छा पूर्ण झाल्याचं चित्र रंगवताना शरीर सैलावतं, रक्तदाब उतरतो, जणू काम उरकलं. आपली जुनी माणसं ज्याला मनातले मांडे खाणं म्हणत, ते हेच. त्याने पोट भरल्यासारखं वाटतं आणि चूल पेटत नाही.

ओटिंगेन इच्छा सोडा म्हणत नाहीत. इच्छा मनात आणा, तिचं सर्वांत चांगलं फळ डोळ्यांपुढे आणा, आणि लगेच स्वतःला विचारा की माझ्या आत काय आडवं येतं. मग ते आडवं आलं की मी काय करीन, हे आधीच ठरवून ठेवा. पोलिस भरतीची तयारी करणाऱ्या मुलाने वर्दीतला फोटो भिंतीवर लावला तर लावू दे. पण पहाटे साडेचारला गजर झाल्यावर आपण तो बंद करून झोपतो, हे त्याला माहीत असतं. मोबाइल खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात ठेवायचा आणि बूट दाराशी काढून ठेवायचे, एवढं ठरवणं त्या फोटोपेक्षा जास्त उपयोगाचं.

आणि आयुष्यात येणाऱ्या कितीतरी गोष्टी आपल्या मनात आधी नसतातच. याच आग्रा रस्त्यावर पुढे चांदवड लागतं. त्या तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. घरची गरिबी, वडिलांबरोबर विहिरी खणण्याची कामं, गाव दुष्काळी. २०१२ साली तो सैन्यात भरती झाला आणि तिथे त्याची रोइंगशी गाठ पडली. २०१६ मध्ये तो रिओ ऑलिंपिकला भारताच्या वतीने एकट्याने होडी वल्हवत होता आणि तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत त्याने सांघिक सुवर्णपदक मिळवलं. ज्या गावात प्यायच्या पाण्याची मारामार, तिथल्या पोराने लहानपणी होडीच्या शर्यतीचं स्वप्न रंगवलं नव्हतं. एक दार उघडलं, कुणी तरी त्याची उंची आणि ताकद हेरली, आणि पुढे तो राबला. खेडोपाडी अशी दारं किती उघडतात, हा खरा प्रश्न आहे. सगळं श्रेय विचारांना दिलं की तो विचारायचा राहून जातो.

पैशाच्या बाबतीत ही श्रद्धा थेट महागात पडते. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातल्या लुकास डिक्सन आणि सहकाऱ्यांनी हजारावर लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विचारांनी यश खेचून आणता येतं असं मानणारे लोक स्वतःला जास्त यशस्वी समजत होते, पण प्रत्यक्ष मिळकतीत पुढे नव्हते. धोक्याच्या गुंतवणुकीकडे त्यांचा ओढा जास्त होता आणि दिवाळं निघाल्याचा अनुभवही त्यांच्यात जास्त होता. कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे अशा पाहणीतून पक्कं ठरत नाही. तरी नाशिककराला हे वाचून २०१४ आठवेल. त्या वर्षी इथे केबीसी या गुंतवणूक योजनेचं प्रकरण बाहेर आलं. पैसे थोड्या काळात कित्येक पट करून देण्याच्या आमिषाला भुलून हजारो कुटुंबांनी जमिनी विकून, दागिने मोडून पैसे गुंतवले आणि ते बुडाले. अशा योजनांच्या सभांत हिशेबाचा ताळेबंद विचारणाऱ्याला ‘नकारात्मक’ म्हणून गप्प बसवतात. शंका हीच तिथे पाप ठरते.

पण या विचाराचं सर्वांत क्रूर टोक आजाऱ्याच्या खाटेशी दिसतं. चांगल्या विचाराने चांगलं येत असेल, तर वाईट जे आलं तेही तुझ्याच विचाराने आलं, हे ओघानेच येतं. मेल्विन लर्नर या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात दाखवलं होतं, की निरपराध माणसाचे हाल पाहावे लागले आणि थांबवता आले नाहीत, तर पाहणारे त्या माणसातच खोट शोधू लागतात. जग न्यायी आहे हा आपला दिलासा त्यामुळे शाबूत राहतो. पूर्वी आपण हे पूर्वजन्मीच्या कर्मावर ढकलत होतो. आता ‘तू पॉझिटिव्ह राहिली नाहीस’ असं म्हणतो. अमेरिकन लेखिका बार्बरा एरनराइक यांना २००० साली स्तनाचा कर्करोग झाला. त्यांना राग येत होता, भीती वाटत होती, आणि ते बोलून दाखवलं की इतर रुग्णच त्यांना हसरं राहायला बजावत. २००९ मध्ये त्यांनी या सक्तीच्या हसऱ्या चेहऱ्यावर पुस्तक लिहिलं.

२००७ साली जेम्स कॉइन आणि सहकाऱ्यांनी डोकं व मानेच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांची माहिती तपासली. मनःस्थिती चांगली असलेले जास्त जगले का, तर नाही. मनाच्या अवस्थेचा आणि जगण्या-मरण्याचा संबंध सापडला नाही. आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचं मोठं कारण मिश्री, गुटखा, तंबाखू-चुना हे आहे, आणि ते थांबवणं, तोंडातला न भरणारा व्रण वेळेवर डॉक्टरला दाखवणं यानं जीव वाचतात. भ्यायलेल्या रुग्णाला आनंदी राहण्याचं आणखी एक काम नेमून देण्याने वाचत नाहीत. धीर द्यावा, जरूर द्यावा. आजार हलका वाटतो, औषध सोडलं जात नाही, घास उतरतो. पण धीर आणि दोषारोप यांच्यातली रेघ फार बारीक आहे, आणि ‘तू मनातून ठरव, बरी होशील’ म्हणताना आपण ती नकळत ओलांडतो.

तुमच्या ओळखीत कुणाची केमोथेरपी चालू असेल, तर पुढच्या वेळी त्यांना विचार बदलायला सांगू नका. पुढची तारीख कधी आहे ते विचारा, आणि ‘मी गाडी घेऊन येतो’ असं सांगून त्या दिवशी खरंच जा.